मासोळ्या ईशान्येला, टाकी वायव्येला

फिशपॉट विकणारा दुकानदार गिऱ्हाइकाला सगळं सांगतो. दाणे किती टाकायचे, लाइट किती तास ठेवायचा, सोनेरी मासे आठ आणि काळा एक ठेवला म्हणजे घरात पैसा कसा टिकतो, आणि तो काळा अचानक मेलाच तर घरावरचं संकट त्यानं स्वतःवर घेतलं असं कसं समजायचं, इथवर त्याची तयारी असते. दर आठवड्याला पॉटमधून उपसलेलं पाणी टाकायचं कुठे, एवढं एक तो सांगत नाही. कोणी विचारलंच तर "फेकून द्यायचं, त्यात काय?" म्हणतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

अमरावतीच्या राजापेठेतल्या एका गृहस्थांची झोप या "त्यात काय"नं उडवली. गृहस्थ पेशानं लेखापाल. आलेला पैसा कुठून आला आणि गेलेला कुठे गेला, याची नोंद झाल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. पाणी कुठून येतं ते त्यांना ठाऊक होतं. मोर्शीजवळ सिंभोऱ्याला वर्धा नदीवर अप्पर वर्धा धरण आहे. तिथलं पाणी मोठ्या जलवाहिनीनं अमरावतीत येतं आणि ठरलेल्या दिवशी, न ठरलेल्या वेळी राजापेठेतल्या नळाला फुसफुसत उतरतं. त्यात कमी पडलं तर अंगणातली बोअर आहेच. म्हणजे जमेची बाजू स्वच्छ होती. खर्चाच्या रकान्यात मात्र काहीच नव्हतं.

साधे मासे पाळणाऱ्याला असे प्रश्न पडत नाहीत. तो बादली उचलतो, दिसेल तिथे ओततो आणि चहा प्यायला बसतो. पण गृहस्थांना कुठूनतरी ताकाशी अमानो या जपानी छायाचित्रकाराची चित्रं दिसली. २०१५ साली वारलेल्या या माणसानं काचेच्या पेटीत अख्खी रानं उभी केली होती: पाण्याखाली हिरवी कुरणं, शेवाळलेले दगड, त्यातून हिंडणारे सुईएवढे मासे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेलेला, दारापुढची वेल वाळून दोरीसारखी लोंबणारी. अशा वेळी अमरावतीकराला डोळ्यांपुढे हिरवं काही हवं असेल तर ते पाण्याखालीच शक्य आहे, हे गृहस्थांना पटलं. दिवाणखान्यात अडीच फुटांची, शंभर लिटरची पेटी आली. मासोळ्या नावापुरत्या, मुख्य पीक वनस्पतींचं.

पीक म्हटलं की खत आलं. टॉम बार नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी लोकप्रिय केलेली एक पद्धत आहे. तिचं सार असं की, आठवडाभर वनस्पतींना सढळ हातानं खत घालायचं, मोजत बसायचं नाही, आणि आठवडा संपला की निम्मं पाणी फेकून देऊन नव्या पाण्यानं सगळा हिशेब पूर्वपदावर आणायचा. ही पद्धत वाचताच गृहस्थांना ती फार ओळखीची वाटली. ऑफिसात दर मार्चअखेरीस ते हेच करत आले होते.

खताच्या परदेशी बाटलीवरची बारीक अक्षरं त्यांनी भिंगानं वाचली. पोटॅशियम नायट्रेट, मोनो पोटॅशियम फॉस्फेट, चिमूटभर लोह वगैरे आणि उरलेलं पाणी. म्हणजे वऱ्हाडातला संत्र्याचा बागायतदार ठिबकातून जे सोडतो तेच. फक्त बागायतदार त्याला तेरा-शून्य-पंचेचाळीस आणि शून्य-बावन्न-चौतीस म्हणतो आणि गोणीनं घेतो. गृहस्थ रमत-गमत कृषी केंद्रात गेले.

"संत्रा का कपाशी?" दुकानदारानं विचारलं.

"व्हॅलिस्नेरिया."

"नवीन वाण दिसते. किती एकर हाय?"

गृहस्थ जरा घुटमळले. "अडीच फूट."

दुकानदारानं पुढे केलेली किलोची पुडी हळूच मागे घेतली. गृहस्थांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आवाज एकदम मऊ करून म्हणाला, "भाऊ, घरी काही टेन्शन हाय का? हे खायचं नसते."

पॉटचा फोटो दाखवला तेव्हा कुठे पुडी मिळाली. ती किलोभर पुडी शंभर लिटरच्या पेटीला सहा वर्षं सहज पुरते, हे गृहस्थांनी घरी येऊन काढलं. मग ती हवाबंद डब्यात भरली, डब्यावर "खाऊ नये" असं लिहिलं आणि साखरेच्या डब्यापासून लांब, पलंगाखाली सरकवली.

आठवडा भरला. पन्नास लिटर पाणी उपसून झालं. खताचं पाणी.

पहिला प्रयोग साहजिकच नालीवर झाला. गाडगेबाबांची समाधी ज्या शहरात आहे तिथे नालीत काही टाकण्याआधी माणूस इकडेतिकडे पाहतो, आणि मग टाकतो. गृहस्थांनी इकडे पाहिलं, पण तिकडे पाहायचं राहिलं. तिकडे शेजारचे काकाजी दात घासत उभे होते.

"पाणी हिरवं काऊन दिसून राह्यलं हो? काय सोडून राह्यले तुमी?"

"काही नाही काकाजी, मासोळ्यांचं पाणी आहे. थोडं खत आहे त्यात."

"खत!" काकाजींनी गुळणी त्याच नालीत टाकली.

संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी पक्की झाली की गृहस्थ नालीत केमिकल सोडतात. त्याच नालीतून त्या दिवशी धुण्याच्या पावडरचा फेस, भज्यांच्या कढईतलं काळं तेल आणि कोणाच्या तरी स्कूटरच्या सर्व्हिसिंगचं ऑइल वाहून गेलं होतं. त्याला गल्ली 'सांडपाणी' म्हणत होती. गृहस्थांनी मात्र नकाशा काढला. राजापेठेची नाली अंबानाल्याला मिळते, अंबानाला पेढी नदीला, पेढी पूर्णेला, पूर्णा चांगदेवाजवळ तापीला आणि तापी सुरतेवरून समुद्राला. आपल्या दिवाणखान्यातलं नायट्रेट अरबी समुद्रात जाऊन काय काय उगवेल, या विचारानं त्यांना रात्री दोनला जाग आली. त्यांनी पत्नीला, म्हणजे आमच्या वहिनींना, उठवून सुरतेबद्दल सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "सुरतेहून येताना साडी आणायला सांगा त्याला," आणि कूस बदलून झोपल्या.

दुसरा प्रयोग स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये होणार होता. तो झाला नाही. वहिनी मधे उभ्या राहिल्या. "अहो, माह्या भांड्याच्या जागी मासोळ्यांचं मूत ओतता? आधी ते बकेट बाहेर न्या, मग बोला."

तिसरा प्रयोग कूलरवर झाला, आणि तो मात्र गृहस्थांना अजूनही मनातून बरोबर वाटतो. उन्हाळ्यात वऱ्हाडातला कूलर दिवसाला बादल्याच्या बादल्या पाणी पितो. ते नळाचंच कशाला हवं? पन्नास लिटर थेट कूलरच्या टाकीत गेलं. पाण्याची वाफ होते, खताची होत नाही, एवढी एक किरकोळ बाब नजरेतून सुटली. पहिल्या रात्री घरात छत्री तलावाच्या काठावर झोपल्यासारखा वास आला. पुढे वाळ्याच्या ताट्यांवर पांढरी खारी आणि तिच्या शेजारी हिरवं शेवाळ अशी दुरंगी शेती सुरू झाली. वनस्पती पॉटमध्ये जोम धरत नव्हत्या, कूलरमध्ये धरत होत्या.

छत्री तलावाचं नाव निघालं तसं गृहस्थांच्या आईंनाही सुचलं. पॉटमध्ये काच चाटणारा एक काळा खडबडीत मासा होता. आणला तेव्हा बोटाएवढा, आता पायताणाएवढा. तो शेपटीच्या फटक्यानं अमानोंचं रान रोज उखडत होता.

"बाबू, त्याले सोडून दे तलावात. पाणीबी तिकडंच ओत. पुण्य लागते."

इथे गृहस्थ ठाम राहिले, आणि या सगळ्या प्रकरणात त्यांचं हे एकच वागणं सर्वस्वी बिनचूक होतं. दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठी आलेला हाच सकर मासा कोणीतरी पुण्य लागावं म्हणून कुठेतरी सोडला, आणि आज उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यांत रोहू-कटल्याऐवजी तो येतो. त्याला बाजारात कोणी विचारत नाही आणि त्याच्या काट्यांनी जाळं फाटतं ते वेगळंच. आईंना उजनीचं फारसं काही वाटलं नाही. त्या म्हणाल्या, "मंग त्याले तरी खत कमी घाल."

एवढं झाल्यावर घरात पाणी ओतायला एकच जागा उरली. तिथे कोणी इकडेतिकडे पाहत नाही, कारण आतून कडी असते.

कमोडचा मार्ग सोपा वाटतो, पण मध्ये वास्तुशास्त्र आडवं आलं. घर बांधताना ज्यांचा सल्ला घेतला होता ते गृहशांतीनंतरही येत-जात असत. त्यांच्या मते जलतत्त्व ईशान्येला, म्हणून पॉट ईशान्येला. आणि संडासाची टाकी वायव्येला. बादली ईशान्येकडून वायव्येला न्यायची तर उत्तरेच्या भिंतीलगत सरळ वाटेत लोखंडी कपाट. वळसा घालायचा तर घराचं ब्रह्मस्थान, म्हणजे टीव्हीसमोरचा सोफा. मलिन जल ब्रह्मस्थानावरून नेऊ नये असा दंडक. गृहस्थांनी मग पाइप आणला आणि तो खिडकीतून बाहेर काढून, घराला बाहेरून अर्धी प्रदक्षिणा घालून, संडासाच्या झरोक्यातून आत सोडला. पाइपचं तोंड नीट बसलं नव्हतं. पाणी कमोडमध्ये न जाता आत बसलेल्या मोठ्या मुलावर गेलं. त्याच्या बारावीच्या वर्षात घडलेली ही घटना घरात अजून मार्कांच्या संदर्भात काढली जाते.

तरी अखेर पाणी टाकीत गेलं. मग खरी काळजी सुरू झाली.

ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं डब्याच्या वेळी सहज सांगितलं, "खतानं टाकीतले जंतू मरतात भाऊ. जंतू मेले की मैला सडत नाही. सडला नाही की तो वर येतो."

"वर म्हणजे कुठे?"

"वर म्हणजे वर," सहकारी म्हणाला आणि त्यानं पोळीचा घास घेतला.

वास्तविक ही टाकी जगात आली तीच अशा एका विसराळू कुतूहलातून. फ्रान्सात वेझूल नावाच्या गावी झाँ-लुई मूरा या गृहस्थांनी १८६०च्या सुमाराला घरातलं सगळं सांडपाणी एका बंद दगडी टाकीत सोडलं. डझनभर वर्षांनी टाकी उघडली तर आत मैल्याचे थर असतील ही अपेक्षा. निघालं जवळजवळ नुसतं पाणी आणि वर थोडी साय. मूरांनी १८८१मध्ये पेटंट घेतलं. पुढे इंग्लंडात एक्झिटरच्या डोनाल्ड कॅमेरून यांनी १८९५च्या सुमाराला 'सेप्टिक टँक' हे नाव रूढ केलं आणि टाकीतून निघणाऱ्या वायूवर दिवेही पेटवून दाखवले. काम करतात ते बिनपगारी जंतू. हवा नको, उजेड नको, पगारवाढ नको, वर्षानुवर्षं अंधारात बसून ते आपलं खातं सांभाळतात. गृहस्थांना या जंतूंबद्दल एकदम आपुलकी वाटू लागली. असा कर्मचारीवर्ग आपल्या हातून खतानं मरतो, हे त्यांना सहन होईना. टाकी उघडून एकदा बघू, असं त्यांनी ठरवलं.

टाकी कुठे आहे हे कोणाला माहीत नव्हतं. वायव्येला, एवढंच. घर वडिलांनी बांधलेलं, मिस्त्रीनं तेव्हा छाती ठोकून सांगितलं होतं, "टाकी अशी बांधून देतो का तुमच्या नातवालेबी उघडा लागनार नाई." भारतीय मानक ब्युरोच्या संहितेप्रमाणे पाच माणसांच्या घराला दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि मीटरभर खोल पाणी मावेल एवढी टाकी पुरते, मात्र ती वर्ष-दोन वर्षांनी उपसायची असते. आपल्याकडे मिस्त्री तिला हौदाएवढी करतो, म्हणजे उपसायचा विषयच नको. मग घरमालक वर पोर्च काढतो, पोर्चवर टाइल्स बसवतो, टाइल्सवर गाडी लावतो आणि निश्चिंत होतो. गृहस्थांनी खलबत्त्यातला बत्ता घेतला आणि रविवारभर पोर्चमध्ये टाइलन् टाइल ठोकून, कान लावून ऐकली. काकाजी फाटकाशी उभे राहून विचारत होते, "आता जमिनीत काय सोडून राह्यले?"

पोकळ आवाज आला तो नेमका तुळशीवृंदावनाखालून. आईंनी आधी डोळे मिटले, मग हात जोडले, मग गृहस्थांच्या वडिलांच्या फोटोकडे पाहून म्हणाल्या, "तुमाले दुसरी जागा नव्हती सापडली?" तुळस विधिवत ईशान्येला, पॉटच्या खिडकीखाली हलली.

'सेप्टिक टाकी साफ करून मिळेल' हे वाक्य आणि त्याखाली दहा आकडी नंबर, हे वऱ्हाडातल्या भिंतींवरचं सर्वांत जास्त वाचलं जाणारं साहित्य असावं. गाडी आली. गाडीवाल्यानं झाकण सरकवलं आणि सगळ्यांना मागे व्हायला सांगितलं. टाकीतल्या वायूनं माणूस श्वास घेता घेता कोसळतो. संरक्षक साधनांशिवाय माणसाला आत उतरवायला २०१३च्या कायद्यानंच बंदी आहे, आणि हा पठ्ठ्या ती पाळणारा होता. त्यानं नुसता पाइप सोडला, लांब काठीनं गाळ किती साचला ते पाहिलं आणि शीळ घातली.

"किती वर्सं झाले उघडून?"

"घर बांधल्यापासून नाही."

"घर कवा बांधलं?"

गृहस्थांनी विषय बदलला. त्यांच्या छातीवर निराळंच ओझं होतं. आवाज खाली आणून ते म्हणाले, "दादा, एक विचारू? मी यात दर आठवड्याला माशांचं खताचं पाणी टाकतो. टाकी खराब तर नाही झाली?"

गाडीवाल्यानं काठी तशीच धरून त्यांच्याकडे पाहिलं. "खताचं पानी? अन् आता टाकीत काय हाय मंग भाऊ, अत्तर हाय का?"

वहिनी हसता हसता पोर्चच्या पायरीवर बसल्या.

गाडीवाला मग खुलला. टाकीचा नाश कशानं होतो, हे त्याच्याइतकं कोणत्या पाठ्यपुस्तकात नसेल. लोक दर अमावास्येला संडासात ॲसिडची बाटली उलटी करतात, वर फिनाइल ओततात, वर ब्लीचिंग पावडर. आणि मग टाकी सडत नाही म्हणून कोणी सांगेल तसं ताक, गूळ, शेण सोडतात. जंतूंना आधी मारायचं आणि मग त्यांचं श्राद्ध घालायचं, असा हा प्रकार. त्याच्या पाइपात आजवर शांपूच्या पुड्या, कंगवे, लेकरांचे डायपर, एकदा एक अख्खी चड्डी आणि एकदा रिमोट अडकला होता. "रिमोट तं चालूबी होता," तो म्हणाला. हे मात्र त्यानं वाढवून सांगितलं असावं.

"पानी टाका, काई होत नाई," जाता जाता तो म्हणाला. "फक्त समदं एकदम नका ओतू. दमानं. एकदम लोंढा गेला का खालचा गाळ ढवयते अन् शोषखड्ड्यात जाते. आपली माती काळी, पावसाळ्यात फुगली का पानीच पीत नाई. शोषखड्डा भरला का मंग बसा बोंबलत."

त्या रात्री गृहस्थांनी कागद घेतला आणि आधीच करायला हवा होता तो हिशेब मांडला. पॉटच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे सुमारे २० मिलिग्रॅम. पन्नास लिटरमध्ये एक ग्रॅम. त्यात निव्वळ नायट्रोजन पाव ग्रॅमहूनही कमी. याउलट एक धडधाकट माणूस निव्वळ देहधर्म म्हणून दिवसाला आठ-दहा ग्रॅम नायट्रोजन टाकीच्या स्वाधीन करतो. म्हणजे आठवडाभर ज्याची धास्ती घेतली ते खताचं पाणी एका माणसाच्या एका दिवसाच्या कामगिरीचा चाळिसावा हिस्सा भरलं. पाच जणांच्या घराचा आठवडा धरला तर आकडा चौदाशेपटीच्या घरात गेला, आणि दिवाळीला राहायला आलेले पाहुणे तर त्यांनी धरलेच नव्हते. शिवाय टाकीत हवा नसते. तिथल्या जंतूंना श्वासापुरता ऑक्सिजन हवा असला की ते नायट्रेटमधला ओढून घेतात आणि नायट्रोजन वायू मोकळा सोडून देतात. तो वायू आपल्या हवेत आधीच ७८ टक्के आहे. पाण्याचं म्हणाल तर पन्नास लिटर म्हणजे पाच वेळा फ्लश ओढणं. तेवढं तर मुलगा पेपर वाचत बसला की एकटा करतो.

हिशेबाचा नाद लागला की तो सुटत नाही. युरियाची एक गोणी ४५ किलोची, त्यात ४६ टक्के नायट्रोजन, म्हणजे सुमारे वीस किलो सातशे ग्रॅम. एवढा नायट्रोजन आपल्या पॉटमधून जायला किती काळ लागेल? गृहस्थांनी भागाकार केला, पुन्हा केला, मग उठून दिवा मोठा केला. सुमारे सतराशे तीस वर्षं. आज एक गोणी पुरी व्हायची असती तर विदर्भावर वाकाटक सम्राट पहिला प्रवरसेन राज्य करत होता तेव्हापासून दर रविवारी, एकही खाडा न करता, ही बादली ओतत यायला हवं होतं. कपाशीच्या एका एकरात ती गोणी दुपारच्या चहाआधी संपते.

इथे गोष्ट मिटायला हरकत नव्हती. पण मासोळ्यांना पांढरे ठिपके आले. औषध म्हणून पॉटमध्ये मेथिलिन ब्लू गेलं, पाणी शाईसारखं निळं झालं. जंतू मारण्यासाठीच हे औषध असतं. टाकीतल्या मंडळींना जपायचं असेल तर हीच बादली सांभाळून, खूप पाणी मिसळून, थोडी थोडी सोडावी. हिशेबानं निर्धास्त झालेल्या गृहस्थांनी ती धाडकन ओतली. त्याच दिवशी सासूबाई अकोल्याहून आल्या होत्या. त्या संडासातून बाहेर आल्या त्या कौतुकानं चेहरा फुलवूनच. "कमोड निळंशार ठेवलं हो जावईबापूंनी. आमच्या घरी कोनाले सांगून सांगून थकली मी." लग्नाला वीस वर्षं होऊन गेली, पण सासरकडून गृहस्थांची अशी तारीफ कधी झाली नव्हती. त्यांनी खुलासा केला नाही.

पुढे वहिनींच्या लक्षात आलं की ईशान्येला हलवलेली तुळस माजली आहे. खिडकीतून पाइप जोडताना सांडणारं पाणी तिच्या आळ्यात पडत होतं. मग गुलाबाला थोडं, कढीपत्त्याला थोडं. वाया कशाला घालवायचं म्हणून गृहस्थांनी अंगणात ड्रम आणून त्यात पाणी साठवायला सुरुवात केली. झाकण काकाजींनी मागून नेलं ते परत आलं नाही. डेंग्यूच्या दिवसांत आशाताई घरोघर पाहणीला आल्या, त्यांनी ड्रममध्ये बॅटरी मारली आणि आत वळवळणाऱ्या अळ्यांचं संमेलन गल्लीला दाखवलं.

"हे काय पाळून राह्यले तुमी? आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा म्हणून किती वेळा सांगितलं!"

"मासोळ्यांचं पाणी आहे," गृहस्थ ओशाळून म्हणाले.

"मासोळ्या कुठी आहेत मग?"

मासोळ्या घरात होत्या. अळ्या अंगणात होत्या. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून आरोग्य खातं नाल्या-डबक्यांत गप्पी मासे सोडतं, आणि हे गृहस्थ तेच गप्पी काचेत ठेवून त्यांना डबीतले दाणे विकत घेऊन घालत होते. आशाताईंनी वहीत काय लिहिलं ते त्यांना दिसलं नाही, पण बरंच लिहिलं.

ड्रम रिकामा झाला. आता गल्लीतच मागणी सुरू झाली होती. काकाजी स्वतः बादली घेऊन फाटकाशी उभे राहत. "ते केमिकल हाय का आज? जास्वंदीले लय मानवलं." गृहस्थांनी वाटपाचं वेळापत्रक केलं. टाकीच्या वाट्याला थेंब येईना.

शेवटचा धक्का कागदी पट्टीनं दिला. नायट्रेट तपासायच्या पट्ट्या घरात होत्याच. एक दिवस नळ आले नाहीत म्हणून पॉटमध्ये बोअरचं पाणी भरायला घेतलं, आणि सहज त्यात पट्टी बुडवली. पट्टी गुलाबी झाली, मग गडद झाली, आणि पॉटच्या रंगाच्याही पुढे गेली. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम. केंद्रीय भूजल मंडळाच्या अहवालात नायट्रेटनं सर्वाधिक ग्रासलेल्या जिल्ह्यांच्या यादीत वर्धा, बुलढाणा, यवतमाळ यांच्याबरोबर अमरावती आहे. शेतातला युरिया, गोठे आणि वर्षानुवर्षं न उघडलेल्या झिरपत्या टाक्या, सगळ्यांचं देणं एकाच भूगर्भात जमा होतं. म्हणजे राजापेठेतल्या जमिनीखाली जे फुकट मिळत होतं, तेच गृहस्थ कृषी केंद्रातून विकत आणून, ग्रॅमच्या काट्यावर मोजून, पॉटच्या पाण्यात मिसळत होते, आणि मग ते जमिनीत जाऊ नये म्हणून रात्रीचे जागत होते.

त्यांनी बोअरच्या पाण्याला पिण्यातून रजा दिली. मग पलंगाखालचा डबा ओढला. "खाऊ नये" लिहिलेल्या पुडीतलं खत जेमतेम बोटभर कमी झालं होतं. उरलेलं फेकावं तर पुन्हा नकाशा, पुन्हा सुरत. दिवाळीत मोर्शीला बहिणीकडे जायचं होतं. भाटव्यांची संत्र्याची तीनशे झाडं. गृहस्थांनी डबा मांडीवर घेऊन एसटीनं प्रवास केला, दोनदा शेजारच्या बाईला तो साखरेचा नाही हे समजावलं आणि वाड्यात शिरताच भाटव्यांच्या हातात तो दोन्ही हातांनी दिला.

भाटव्यांनी वास घेतला, चिमटीत धरून पाहिलं. "तेरा-शून्य-पंचेचाळीस. एक नंबर हाय." ते उठले, ठिबकच्या टाकीत डबा उपडा केला, काठीनं ढवळलं, डबा झटकून परत दिला आणि हात धोतराला पुसत म्हणाले, "हे झालं. आता बाकीच्या गोन्या कोन्त्या गाडीनं येऊन राह्यल्या?"